व्यायला झालेल्या घोडीचे ठाण : त्र्यंबकच्या निमित्ताने काही विचार

मराठ्यांच्या अश्वदलासंबंधी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पागा आणि शिलेदार यांतील भेद, बारगिरांची व्यवस्था, मोहिमांचा वेग, घोड्यांची खरेदी व त्यांवरील खर्च या विषयांचा अभ्यासकांनी कसून परामर्श घेतलेला आहे. सुरेंद्रनाथ सेन यांचा मराठ्यांच्या लष्करी पद्धतीवरील ग्रंथ १९२८ साली प्रसिद्ध झाला. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी संपादिलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड १९३० नंतरच्या काही वर्षांतच अभ्यासकांच्या हाती आले. परंतु या विपुल साहित्यात घोडा आपल्याला भेटतो तो बहुधा धावताना, विकला जाताना किंवा मेल्यानंतर. तो जन्मला कोठे आणि जन्मताना कशावर पडला, हा प्रश्न कोणी सहसा विचारीत नाही. प्रश्न क्षुल्लक वाटण्याजोगा आहे हे खरे. तथापि ज्या राज्याचे सामर्थ्य घोड्याच्या पाठीवर उभे होते, त्या राज्यात घोडीच्या पोटाखालची जमीन कोरडी होती की ओली, हा विचार इतिहासाच्या कक्षेबाहेरचा मानता येत नाही.

या प्रश्नाकडे माझे लक्ष वेधले ते त्र्यंबकेश्वराच्या वाटेवर. नाशिकहून त्र्यंबक सुमारे अठ्ठावीस किलोमीटर. अंतर थोडे; पण तेवढ्यात मुलूख बदलतो. नाशिकच्या पूर्वेस निफाड, येवला, चांदवड हा काळ्या जमिनीचा, गव्हाबाजरीचा, उघड्या आकाशाचा प्रदेश. नाशिकच्या पश्चिमेस मात्र अंजनेरी ओलांडली की भाताची खाचरे लागतात, नागली आणि वरईचे डोंगरउतार दिसू लागतात, आणि ब्रह्मगिरीच्या कड्याखाली पोहोचेपर्यंत ढग माथ्यावर टेकलेला असतो. ज्येष्ठाच्या अखेरीपासून भाद्रपदापर्यंत येथील भिंती, लाकूड, कपडे, धान्य, सर्वांना एकच वास येतो. अशा एका श्रावणात गावाबाहेरच्या एका पडवीत भाताच्या पेंढ्याचा ढीग पाहिला. वरून तो पिवळा व स्वच्छ दिसत होता. हात आत घातला तेव्हा उबट, चिकट आणि बुरसटलेला लागला. त्याच क्षणी मनात आले की या गावी जर कोणाची घोडी श्रावणात व्याली, तर तो तिच्याखाली काय घालील?

प्रश्नाचा ऐतिहासिक भाग पाहण्यापूर्वी त्याची व्यावहारिक बाजू थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. कारण ती ठाऊक नसल्यास जुन्या कागदांतील मौनाचा अर्थ लागत नाही.

घोडी सुमारे अकरा महिने, म्हणजे साधारण ३४० दिवस गाभण राहते. त्यात दोनतीन आठवड्यांचा फरक सहज पडतो. ती बहुधा रात्री, माणसांची वर्दळ थांबल्यावर विते. प्रसूतीची मुख्य अवस्था अत्यंत त्वरित असते. पाणमोट फुटल्यापासून वीसतीस मिनिटांत शिंगरू बाहेर येते, तासाभरात उभे राहण्याची धडपड करते आणि दोनएक तासांत आईच्या कासेला लागते. या दोन तासांत ते ओलेचिंब असते, त्याची नाळ नुकतीच तुटलेली असते, आणि ते पुनःपुन्हा उठत-पडत असते. रोगजंतूंना प्रवेश करण्यास याहून सोयीची वेळ त्याच्या आयुष्यात दुसरी येत नाही. नाळेच्या वाटेने विष आत गेले की काही दिवसांत सांधे सुजतात, शिंगरू लंगडते, दूध टाकते. पुष्कळदा ते वाचत नाही. घोड्याच्या लिदेत आणि लीदमिश्रित मातीत धनुर्वाताचे जंतूही असतात. त्यांची शुद्ध जोपासना जपानी संशोधक किटासाटो याने १८८९ साली केली. त्यापूर्वी शेकडो वर्षे मोतद्दारांनी शिंगरे आखडून मरताना पाहिली असतील आणि दृष्ट लागली असे म्हटले असेल.

म्हणून आजचे पशुवैद्यक व्यायला झालेल्या घोडीच्या जागेविषयी काही गोष्टी आग्रहाने सांगते. घोडीला दिवस भरण्यापूर्वी चारसहा आठवडे त्या जागेत आणावे, म्हणजे तेथील जंतूंविरुद्ध तिच्या शरीरात तयार झालेली प्रतिकारशक्ती चिकातून शिंगराला मिळते. जागा तिला मोकळेपणाने वळता, लोळता व आडवे होता येईल एवढी, म्हणजे चौदा फूट लांब व तेवढीच रुंद असावी. जुने अंथरण पूर्णपणे काढावे, जमीन खरवडून धुवावी, वाळू द्यावी आणि मगच नवे गवत पसरावे. हे गवत लांब काडीचे असावे. भुसकट किंवा लाकडाचा भुसा नसावा, कारण तो ओल्या शिंगराच्या अंगाला, नाकपुड्यांना आणि जाराला चिकटतो. थर जाड असावा, भिंतींच्या कडेने तो उंच चढवावा, म्हणजे खालून येणारा वारा अडतो आणि उठू पाहणारे शिंगरू कोपऱ्यात अडकत नाही. भिजलेला भाग रोज उचलावा. कारण मुतामुळे निर्माण होणारा उग्र वायू जमिनीलगतच दाट असतो, आणि शिंगराचे नाक तेथेच असते. बुरशी आलेले गवत तर मुळीच वापरू नये. बुरशीच्या धुळीने घोड्यांची छाती बिघडते, आणि तिच्यापैकी एका जातीमुळे घोडी गाभ टाकते असेही आढळले आहे.

गव्हाचे काड या कामी उत्तम समजले जाते. ते कडक, पोकळ आणि गुळगुळीत असते. ओल खाली झिरपू देते आणि स्वतः लवकर सडत नाही. भाताचा पेंढा मऊ असतो, पण तो ओल धरून ठेवतो, शिवाय घोडी तो खात सुटते. ज्वारीचा कडबा फार जाड. डोंगरी गवतापैकी कुसळी तर सर्वथा त्याज्य. तिची कुसळे कासेत, डोळ्यांत आणि शिंगराच्या कोवळ्या कातडीत घुसतात. एवढे ध्यानात घेतले की नाशिक ते त्र्यंबक या अठ्ठावीस किलोमीटरांचा अर्थ पालटतो. निफाडच्या शेतकऱ्याला जी वस्तू मळणीनंतर खळ्यावर सहज मिळे, तीच त्र्यंबकच्या रहिवाशाला गाडी जोडून आणावी लागे.

आता ग्रंथांकडे वळू. घोड्यांविषयीचे प्राचीन ज्ञान शालिहोत्र व नकुल यांच्या नावांशी निगडित आहे. जयदत्ताचे ‘अश्ववैद्यक’ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यास छापले गेले, आणि नकुलाच्या नावावरील ‘अश्वशास्त्र’ तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने १९५२ साली प्रकाशित केले. हे ग्रंथालय तंजावरच्या मराठी राजांनी जोपासलेले, ही गोष्ट येथे सहज नमूद करावीशी वाटते. परंतु आपल्या प्रश्नाला सर्वांत सरळ उत्तर मिळते ते वैद्यकग्रंथात नव्हे, तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात. १९०९ साली शामशास्त्री यांनी हा ग्रंथ प्रथम छापून प्रसिद्ध केला व पुढे १९६० पासून मुंबई विद्यापीठाने रा. पं. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती काढली. त्यातील अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात प्रत्येक घोड्याची जागा चौरस, घोड्याच्या लांबीएवढी, गुळगुळीत फळ्यांनी आच्छादलेली, चाऱ्याची कोठी आणि मलमूत्राच्या निचऱ्याची सोय असलेली व पूर्वेस किंवा उत्तरेस तोंड केलेली असावी असे सांगितले आहे. घोड्या, वळू आणि शिंगरे यांना वेगवेगळ्या एकांत जागी ठेवावे असेही त्यात आहे. व्यालेल्या घोडीस तीन रात्री एक प्रस्थ तूप, नंतर दहा रात्री सातूचे पीठ व औषधी पेय, शिंगराला दहा दिवसांनंतर तूप, पीठ व दूध, असा तपशीलवार शिधा दिलेला आहे. सेवकांमध्ये गवत आणणारा, दाणा शिजविणारा, ठाण राखणारा हे निरनिराळे आहेत आणि कामात चुकल्यास त्यांचे त्या दिवसाचे वेतन कापावयाचे आहे.

या प्रकरणाचे एक वैशिष्ट्य माझ्या मते दुर्लक्षित राहिले आहे. पोटात काय जावे याचे माप प्रस्थ-कुडवांत दिले आहे. पाठीखाली काय असावे याचा उल्लेख फळ्यांवर थांबतो. फळीवर गवत घालीत असतील किंवा नसतील. हिशेबाला ते लागत नव्हते. हेच मौन पुढे दोन हजार वर्षे चालू राहिलेले दिसते. दाणा मोजला जातो, तूप मोजले जाते, नालबंदी लिहिली जाते. अंथरणाला स्वतंत्र रकाना मिळत नाही.

मराठी साधनांत हे अधिक स्पष्ट होते. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजी येथे १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत शिवछत्रपतींच्या लष्कराची शिस्त दिली आहे. पंचवीस बारगिरांस एक हवालदार, पाच हवालदारांस एक जुमला, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद ही रचना सर्वांना ठाऊक आहे. त्याच ठिकाणी असे सांगितले आहे की पावसाळ्यात लष्कराने छावणीस आपल्या मुलखात यावे, तेथे दाणा, रतीब व औषधे तयार असावीत, आणि घोड्यांसाठी व माणसांसाठी घरे गवताने शाकारून ठेवलेली असावीत. दसरा होताच लष्कराने बाहेर पडावे. येथे गवत छपरावर आहे. वैरणीत तर ते आहेच. तेच गवत घोड्याच्या पायाखाली किती आले, ते बखरकार सांगत नाही, आणि सांगण्याचे त्याला कारणही नव्हते. गवत एकच, वरून गळले तर छप्पर, पुढे टाकले तर वैरण, उरले-सांडले ते अंथरूण. जे उरल्यावर मिळते त्याचा हिशेब कोण ठेवील?

गवताची किंमत खरी कळते ती ते नाहीसे होण्याची भीती उत्पन्न झाली म्हणजे. चिपळूण भागातील हलवर्ण येथे छावणी केलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना शिवाजी महाराजांनी इ. स. १६७३-७४ च्या सुमारास पाठविलेले पत्र मराठी वाचकांच्या चांगले परिचयाचे आहे. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये या आज्ञेसाठी ते पत्र नेहमी उद्धृत केले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु अश्वव्यवस्थेचा अभ्यासक म्हणून मला त्याचा उत्तरार्ध अधिक बोलका वाटतो. सरदारांनी दाणा-गवत मनमानी उधळले, तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असे महाराज बजावतात. नंतर आगीची गोष्ट येते. कोणी गवताजवळ स्वयंपाक करील, कोणी शेकोटी पेटवील, कोणी तंबाखू ओढील, रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल. मग एका खणाला लागलेली आग सगळ्या छावणीला लागेल. उंदराने नेलेल्या वातीपर्यंत ज्याची दृष्टी पोहोचते, त्या राजाने तबेला आतून पाहिलेला आहे, यात शंका नाही. शिवाय ही छावणी घाटावर न जाता कोकणात राहिली होती. धो धो पावसाच्या मुलखात कोरडे गवत म्हणजे काय वस्तू आहे, हे त्या पत्राच्या ओळीओळींतून कळते. ते जळाले तर विकत घ्यावयास दुसरीकडे नसते, आणि भिजले तर असून नसल्यासारखे.

येथे एक अडचण उपस्थित होते, आणि प्रस्तुत लेखाचा मुख्य विचार त्या अडचणीतूनच निघतो. लष्कर दसऱ्याला बाहेर पडे आणि ज्येष्ठात परत येई. म्हणजे घोडा व घोडी दोघांनाही स्वस्थता, हिरवा चारा व एका जागी वास्तव्य मिळे ते आषाढ, श्रावण व भाद्रपद या महिन्यांत. या काळात घोडी फळली तर ती केव्हा व्यावी? आषाढात फळलेली पुढच्या ज्येष्ठात, श्रावणात फळलेली आषाढात, भाद्रपदात फळलेली श्रावणात. म्हणजे ज्या पागेत पैदास सहजगत्या होऊ दिली जाईल, त्या पागेत शिंगरे नेमकी पावसात जन्मणार. आणि त्याआधीचे आठ महिने त्यांच्या आया गाभणपणी मोहिमेवर दौडत असणार. ही व्यवस्था कोणत्याही पागेला परवडणारी नव्हती. म्हणून लढणारी पागा आणि पैदाशीची जागा या दोन गोष्टी वेगळ्या पडणे अपरिहार्य होते, असा माझा तर्क आहे. पैदास व्हावयाची ती मोहिमेवर न जाणाऱ्या घोड्यांच्या घरी, गावोगावच्या पाटलांच्या, शिलेदारांच्या व मेंढपाळांच्या दावणीला, आणि तीही जेथे पावसाळ्यातसुद्धा जमीन चार दिवसांत वाळते अशा मुलखात. भीमा व नीरा यांच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टांची कीर्ती ही या दृष्टीने केवळ चाऱ्याची व रक्ताची कीर्ती नव्हे. ती कोरड्या ठाणाचीही आहे.

धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांत एक चमत्कारिक नियम आढळतो, त्याचा येथे उल्लेख करणे अप्रस्तुत होणार नाही. सूर्य सिंह राशीत असता गाय व्याली, माघात म्हैस व्याली किंवा श्रावणात दिवसा घोडी व्याली, तर ते धन्याला अनिष्ट समजावे व त्याची शांती करावी, असे सांगणारी परंपरा जुनी आहे. कमलाकरभट्टाचा ‘निर्णयसिंधु’ १६१२ चा आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्याय यांचा ‘धर्मसिंधु’ १७९० च्या सुमाराचा. या परंपरेतील प्रसवशांतींचा विषय महाराष्ट्रातील पुरोहितांना या ग्रंथांवरून परिचित होता. नियमाचा उगम महाराष्ट्रातला नव्हे, आणि तो पशुवैद्यकीय हेतूने केला गेला असे सिद्ध करण्याचा माझा मुळीच मानस नाही. आपल्याकडे प्रत्येक आचारामागे शास्त्र शोधण्याची हौस अलीकडे फार वाढली आहे. तिच्यात भर घालण्याची इच्छा नाही. परंतु दोन गोष्टी सहज दिसतात. घोडी निसर्गतः रात्री विते. तेव्हा दिवसाची प्रसूती ही मुळातच अपवादात्मक, म्हणून लक्षात राहणारी. आणि श्रावण हा सह्याद्रीच्या कुशीतील गावांत सर्वांत ओल्या महिन्यांपैकी एक. ज्या घरी श्रावणात व्यालेल्या घोडीचे शिंगरू दोनदा दगावले, त्या घरी हा नियम पोथीतून आला की अनुभवातून, याची चौकशी कोणी केली नसेल. अशा नियमाचा व्यावहारिक परिणाम मात्र स्पष्ट आहे : भाद्रपदात घोडी फळू न देणे.

त्र्यंबक हे शांतिकर्माचे क्षेत्र. नारायण-नागबळी व त्रिपिंडी श्राद्धासाठी दुरून लोक येथे येतात. क्षेत्रस्थ ब्राह्मण, गडाचे रखवालदार, डोंगरातील कोळी व ठाकर, आणि बारा वर्षांनी सिंहस्थात येणारे शैव आखाडे अशी येथील जुनी वस्ती व वर्दळ. नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये आरंभलेले सध्याचे देवालय १७८६ साली पूर्ण झाले. एवढी तीस वर्षे येथे दगड, चुना, कारागीर, कारकून व स्वार यांची ये-जा चालू असली पाहिजे. आखाड्यांच्या मिरवणुकीत घोडा हा मानाचा. म्हणजे त्र्यंबकला घोडे येत नव्हते असे नाही. ते येत होते, पण बाहेरून, आणि परत जात होते. गडाचे महत्त्व होते ते त्याच्या कड्यांमुळे. एप्रिल १८१८ मध्ये इंग्रजांनी तो घेतला तेव्हाही प्रश्न तोफांचा व शिड्यांचा होता, घोड्यांचा नव्हता.

याउलट नाशिक जिल्ह्यातील घोडदळाच्या सरदारांची ठाणी नकाशावर पाहावीत. विठ्ठल शिवदेव यांचे विंचूर निफाड तालुक्यात, होळकरांचा वाडा चांदवडास, नारोशंकर राजेबहाद्दरांचा किल्ला मालेगावास. ही तिन्ही नाशिकच्या पूर्वेस वा ईशान्येस, कमी पावसाच्या प्रदेशात आहेत. येवल्याचा घोडेबाजारही त्याच अंगास. जहागिरी कोणाला कोठे मिळाली याची कारणे राजकीय असतात, रस्ते व घाट यांचाही त्यात वाटा असतो, हे मी विसरलेलो नाही. केवळ गवतावरून सरदारांची ठाणी ठरली असे म्हणणे हास्यास्पद होईल. परंतु ज्याला शेकडो घोडी पावसाळाभर उभी ठेवावयाची आहेत, त्याने ती ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी न ठेवता गोदाकाठच्या काळ्या रानात ठेवली, तर त्या निवडीमागे पायाखालच्या जमिनीचा विचार नव्हता असेही म्हणता येणार नाही.

पश्चिमेकडील डोंगरी गावांत आणखी एक गोष्ट आड येई. तेथे पेंढ्याला व पातेऱ्याला अनेक धनी असतात. भाताची व नागलीची रोपे करण्यापूर्वी त्या जागेवर शेण, पालापाचोळा व गवत पसरून राब भाजण्याची पद्धत या भागात जुनी आहे. घराचे छप्पर शाकारावयास गवत हवे, बैलांना पावसाळाभर पेंढा हवा, आणि राबाला उरलेसुरले सर्व हवे. जेथे काडीकाडीला असा वाटा आहे, तेथे हातभर जाडीचे अंथरण घालून ते रोज बदलणे ही चैन ठरते. शेतकऱ्याने ती केली नाही म्हणून त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. पूर्वेकडे उलट, घोडीखालचे काड लिदेसह उकिरड्यात जाई आणि उकिरड्यातून शेतात; वापरलेले अंथरूण वाया गेले असे होत नसे.

मोतद्दाराने प्रत्यक्षात काय केले असेल, याचे चित्र या सर्वांवरून थोडेबहुत उभे करता येते. एरव्ही देशी घोडा आगाडी-पिछाडीने, म्हणजे पुढच्या व मागच्या दोरांनी खुंट्यांना जखडलेला असे. व्यायला झालेल्या घोडीला असे बांधून चालत नाही. ती आडवी पडते, उठते, फिरते, पुन्हा पडते. तेव्हा तिची पिछाडी सोडावी लागे आणि तिला इतरांपासून दूर न्यावे लागे. अर्थशास्त्रातील ‘एकांत’ शब्दाचा अर्थ मला येथे सर्वाधिक जाणवतो. कासेला दूध उतरले, सडांच्या टोकांवर मेणासारखे थेंब गोठले, शेपटीच्या मुळाशी मांस सैल पडले, की त्याने जुनी ओली माती खरवडून कोरडा मुरूम चोपला असेल, त्यावर मिळेल ते गवत पसरले असेल, आणि दिवा लांब ठेवून रात्र जागून काढली असेल. दिवा लांब ठेवणे हे विशेष. कारण हलवर्णच्या पत्रातील उंदीर प्रत्येक तबेल्यात असतो. या माणसांपैकी कोणाचेही नाव कागदात येत नाही.

इंग्रजी अमलात या ज्ञानाला नवी चौकट मिळाली. पुण्यास १८६२ मध्ये लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली, मुंबईत परळ येथे १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. चार भिंतींची, घोडीला मोकळी सोडण्याची प्रशस्त खोली आणि तिच्यातील गव्हाच्या काडाची गादी ही पद्धत शर्यतीच्या घोड्यांच्या पैदासगृहांतून पुणे परिसरात रुजली. तेथे आज जंतुनाशके आहेत, रबराचे गालिचे आहेत, रात्री घोडीवर लक्ष ठेवणारी यंत्रे आहेत. पण ही पद्धतही एक गोष्ट मान्य करते : हवा कोरडी व उबदार असेल, तर बंदिस्त खोलीतील कितीही चांगल्या अंथरणापेक्षा स्वच्छ कुरणातील हरळी बरी.

या ठिकाणी भीमथडीकडे पुन्हा यावे लागते. एके काळी नामशेष झाली असे समजली जाणारी ही जात जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र अश्वजात म्हणून नोंदली गेली. ती टिकली कोणाकडे? सरदारांच्या वाड्यांत नव्हे, सरकारी पैदासगृहांतही नव्हे. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या भागांतील फिरत्या धनगरांकडे. ही मंडळी दिवाळीनंतर मेंढरे घेऊन घाट उतरतात किंवा दूरच्या शिवारांत बसतात, आणि पाऊस लागण्यापूर्वी आपल्या कमी पावसाच्या माळांवर परततात. तट्टावर बिऱ्हाड लादलेले असते; भांडी, कांबळी, कोकरे, कधी लहान मूलही. पावसाळा कोरड्या देशात आणि दसरा-दिवाळीनंतर बाहेर, हे सभासदाच्या बखरीतील लष्कराचेच वेळापत्रक आहे. लष्कर गेले, पागा गेल्या. वेळापत्रक मात्र मेंढरांमागे चालत राहिले.

त्यांच्या वाड्यावर घोडी व्यायला झाली तर तिच्यासाठी वेगळे ठाण नसते. कोणी गवत पसरीत नाही, कारण पसरण्याची गरज नसते. आदल्या रात्री जेथे कोणी बसले नव्हते अशी माळावरची जागा, पायाखाली मुरूम आणि आखूड वाळके गवत, वर उघडे आकाश. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी वाडा उठतो, घाण मागे राहते, आणि शिंगरू आईच्या बाजूने नव्या जमिनीवर चालू लागते. जुने अंथरण काढून नवे घालण्याचा जो आग्रह आजचे पशुवैद्यक धरते, तो येथे वाडाच हलवून पाळला जातो. त्र्यंबकच्या पडवीतील पेंढ्याच्या ढिगापाशी पडलेल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा हेच असावे : तेथे श्रावणात व्यायला झालेली घोडी शहाण्या धन्याने ठेवलीच नसती, ज्येष्ठात पहिला पाऊस पडण्याआधीच तिला अंजनेरीच्या अलीकडे, पूर्वेच्या रानात कोणाकडे तरी पाठविले असते.